खोकल्यातून रक्त आलं, म्हणजे टीबीच का?

सकाळी तोंड धुताना खाकरलं आणि बेसिनमध्ये लाल रेघ दिसली, की पुढचं बहुतेक घरांत ठरलेलं असतं. एक तर नळ सोडून ती रेघ वाहवून टाकायची आणि कुणाला काही बोलायचं नाही, नाहीतर तिथल्या तिथे मनाशी ‘टीबी’ म्हणून ठरवून टाकायचं. जुन्या सिनेमांनी रक्ताचा डाग पडलेला रुमाल इतक्या वेळा दाखवलाय, की मधल्या शक्यता डोक्यात येतच नाहीत. प्रत्यक्षात या एका लक्षणामागे डझनावारी कारणं असू शकतात. काही आठवडाभरात आपोआप बरी होणारी, काही तासाभरात जिवावर बेतणारी. आपल्याकडे टीबीचा संशय आधी घेणं बरोबरच आहे. पण त्या संशयालाच निदान समजून, थुंकी न तपासता गोळ्या सुरू करणं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महाग पडणारं पाऊल वाटतं. ते का, ते पुढे येईलच.

आधी हे पाहा, की रक्त आलं कुठून

तोंडातून बाहेर पडलेलं रक्त फुप्फुसातलंच असतं असं नाही. सुजलेल्या हिरड्यांमधून रात्रभर थोडं थोडं झिरपतं आणि सकाळी थुंकीत दिसतं. झोपेत घोळणा फुटला, तर रक्त नाकातून बाहेर न येता मागच्या मागे घशात उतरतं आणि उठल्यावर गडद गुठळी होऊन पडतं. पान, मावा, गुटखा खाणाऱ्याच्या लाल थुंकीवरून तर काहीच ठरवता येत नाही. त्याने स्वच्छ चूळ भरून, पांढऱ्या कागदावर किंवा रुमालात खोकून पाहावं.

खरा घोटाळा होतो तो जठरातल्या रक्ताशी. अल्सर किंवा दारूने खराब झालेलं यकृत असेल, तर रक्ताची उलटी होते. आधी मळमळतं, मग काळपट, कणीदार, कधी अन्न मिसळलेलं रक्त येतं आणि पुढचे एक-दोन दिवस शौचाला काळं, चिकट होतं. फुप्फुसातलं रक्त येतं ते खोकल्याच्या उबळीबरोबर. ते लालभडक, फेसाळ, बेडक्यात मिसळलेलं असतं आणि त्यानंतरही दिवसभर थोडं थोडं लालसर पडत राहतं. काही जण फुप्फुसातून आलेलं रक्त गिळतात आणि मग तेच उलटीतून पडतं, त्यामुळे अनुभवी डॉक्टरही कधी कधी फसतात. म्हणून एक साधा सल्ला: मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘भरपूर आलं’ म्हणजे एक चमचा की अर्धी वाटी, हे घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही. फोटोवरून ते कळतं.

आणखी एक गंमत, जी पहिल्यांदा पाहणाऱ्याला अजिबात गंमत वाटत नाही. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. त्याने लघवी केशरी-लाल होते. घाम, अश्रू, थुंकीलाही तो रंग चढतो. औषध सुरू झाल्यावर ‘रक्त जायला लागलं’ म्हणून घाबरून गोळ्या बंद करणारे पेशंट असतात. तो औषधाचा रंग आहे, गोळ्या थांबवायच्या नाहीत. रोज घेताय तोवर तो राहणारच.

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं

हे एकदा समजलं, की पुढची निम्मी कारणं सोपी होतात. हृदयाच्या उजव्या बाजूने येणारं शरीरातलं सगळं अशुद्ध रक्त फुप्फुसात जातं, प्राणवायू घेतं आणि परत येतं. ही वाट रुंद असली तरी तिथला दाब अगदी कमी असतो, सरासरी १५ मिलिमीटरच्या आसपास. दुसरी वाट महाधमनीतून निघते. श्वासनलिकांच्या भिंती जिवंत ठेवण्यासाठी तिथून काही बारीक धमन्या येतात. त्यांच्यात हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जेमतेम एक-दोन टक्के वाटा जातो, पण दाब मात्र दंडावर मोजतो तोच, १२०-८० वाला. पहिली वाट म्हणजे शेतातला पाट आणि दुसरी म्हणजे मोटारीचा बारीक पाइप. पाटाचा बांध फुटला तर पाणी पसरतं, पाइप फुटला तर कारंजं उडतं. मोठ्या रक्तस्रावांपैकी सुमारे नव्वद टक्के या दुसऱ्या वाटेवरूनच होतात.

या बारीक धमन्या एरवी बारीकच राहतात. पण एखाद्या जागी वर्षानुवर्षं जंतुसंसर्ग आणि सूज राहिली, की त्या जागेची रक्ताची भूक वाढते आणि त्या जाड, वेड्यावाकड्या, पातळ भिंतींच्या होत जातात. मग खोकल्याचा एखादा ठसकाही पुरतो.

टीबी: चालू असलेला, आणि बरा झालेला

आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू जाहीर केला होता. जंतू सापडला, पण त्याच्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडलं. मधली साठ वर्षं रोगाचं कारण माहीत होतं आणि हातात चांगलं अन्न, हवा आणि सॅनटोरियम यांपलीकडे फारसं काही नव्हतं. खोकल्यातल्या रक्ताची आपल्या मनातली धास्ती त्या काळातली आहे. आता साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४पासून महिना ५०० वरून १००० रुपये झाली आहे.

जगातले सुमारे चतुर्थांश टीबीचे पेशंट भारतात आहेत. त्यामुळे रक्त आलं की इथल्या डॉक्टरने आधी टीबी शोधायलाच हवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारी कणकण, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सैल होत चाललेले कपडे हे सोबत असेल तर संशय पक्का होतो. टीबीचा जंतू फुप्फुस पोखरून पोकळी करतो. त्या पोकळीच्या भिंतीत एखादी रक्तवाहिनी उघडी पडते, फुगते आणि फुटते.

पण ‘शोधायला हवा’ म्हणजे थुंकी तपासायला हवी. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर काही तासांत टीबीचा जंतू सापडतो, आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो की नाही हेही कळतं. ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये त्या तपासणीला मान्यता दिली. इतकी सोय हाताशी असताना नुसता एक्स-रे पाहून ‘डाग दिसतोय, कोर्स सुरू करू’ म्हणणं पटत नाही. एक्स-रेतला डाग टीबीचा असतो, न्यूमोनियाचा असतो, गाठीचाही असतो. डागावर नाव लिहिलेलं नसतं.

आता ती गोष्ट, जी आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. टीबी पूर्ण बरा झालेल्या माणसालाही पुढे खोकल्यातून रक्त येऊ शकतं, आणि त्यात टीबीचा एकही जिवंत जंतू नसतो. रोग जातो, पण मोडतोड राहते. श्वासनलिकांचे फाटे कायमचे रुंद आणि ढिले होतात, त्यांत कफ साचतो, तो वारंवार पिकतो. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या रिकाम्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी घर करते आणि तिचा चक्क गोळा तयार होतो. सीटी स्कॅनमध्ये पेशंटला पालथं झोपवलं तर काही वेळा तो गोळा पोकळीत सरकलेला दिसतो. या दोन्ही ठिकाणी वर सांगितलेल्या धमन्या फुगलेल्या असतात. दहा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलेला माणूस, बाकी तब्येत ठीक, वजन तसंच, आणि अचानक वाटीभर रक्त. अशा माणसाला पुन्हा टीबीचा कोर्स, मग तिसऱ्यांदा कोर्स, असं चालू राहतं आणि रक्त काही थांबत नाही. गोळ्या ज्याला मारतात तो शत्रू तिथे नसतोच.

इथे तपासणीतही एक खोच आहे. सीबीनॅटसारखी यंत्रं जंतूची जनुकीय खूण शोधतात, आणि ती खूण मेलेल्या जंतूचीही असू शकते. त्यामुळे आधी टीबीचा उपचार घेतलेल्यांच्या बाबतीत नुसत्या त्या रिपोर्टवर न थांबता कल्चर करावं लागतं, म्हणजे थुंकीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावा लागतो. त्याला काही आठवडे लागतात, पण जंतू जिवंत आहे की नाही हे तेच सांगतं. जुनी फाइल, जुने एक्स-रे जपून ठेवलेल्या माणसाचं निदान कितीतरी लवकर होतं. रद्दीत घालू नका.

नुसता खोकला, न्यूमोनिया आणि इतर संसर्ग

जास्तीत जास्त वेळा कारण साधं असतं. जोरात खोकून खोकून सुजलेल्या श्वासनलिकेच्या अस्तरातली केशवाहिनी फुटते आणि कफाला एक-दोन लाल रेघा येतात. सर्दी-खोकल्याबरोबर ते आलं आणि त्याच्याबरोबर गेलं, तर बहुधा ब्राँकायटिस. न्यूमोनियात थंडी वाजून ताप, छातीत कळ आणि गंजाच्या रंगाचा कफ येतो. फुप्फुसात पू झाला असेल तर कफाला असा वास येतो की घरातले लोक आधी ओळखतात.

कोकण आणि मुंबईकडच्यांना पावसाळ्यात आणखी एक नाव माहीत असायला हवं: लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे बोलीतला ‘लेप्टो’. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतला जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या खरचटीतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती, आणि भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या दवाखान्यांना तो नवा नाही. जोरदार ताप, पोटऱ्यांत असह्य ठणका, लाल डोळे, कधी कावीळ, आणि गंभीर प्रकारात फुप्फुसात सगळीकडून रक्त पाझरायला लागतं. खोकल्यात रक्त दिसण्याआधी नुसती धापच लागते. हा दिवस थांबून पाहण्याचा आजार नाही. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते ते याचसाठी.

ईशान्येत, मणिपूर-नागालँड-अरुणाचलमध्ये, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खेकडे खाण्यातून फुप्फुसात चपटा कृमी जातो. त्याचं चित्र हुबेहूब टीबीसारखं दिसतं: महिनोन्‌महिने खोकला, तपकिरी-लाल कफ, एक्स-रेत डाग. टीबीच्या औषधांनी त्याला काहीच होत नाही. योग्य औषध मात्र दोन-तीन दिवसांचं असतं. आपल्याकडे खेकडा रश्शात चांगला उकळतो, हे बरंच आहे.

कॅन्सर

चाळिशी उलटलेली, विडी-सिगारेटची वर्षानुवर्षांची सवय, आणि नेहमीच्या खोकल्याचा सूर बदललेला. त्यात रक्ताच्या रेघा येऊ लागल्या तर फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी लगेच व्हायला हवी. आवाज घोगरा होणं, एकाच जागी परत परत न्यूमोनिया होणं, बोटांची टोकं फुगीर होणं याही खुणा आहेत. विडी कधीच न ओढलेल्यांनाही हा आजार होतो. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका त्यात असतात, आणि ज्यांच्या बाबतीत काहीच सांगता येत नाही असेही.

टीबीच्या आंधळ्या कोर्सची किंमत इथे मोजावी लागते. एक्स-रेत डाग, वजन उतरलेलं, रक्त आलेलं, म्हणजे टीबी, असं धरून सहा महिने गोळ्या दिल्या जातात आणि तेवढ्यात ऑपरेशन होऊ शकणारी गाठ ऑपरेशनपलीकडे जाते. छातीच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या भारतातल्या डॉक्टरांचं हे जुनं दुखणं आहे. थुंकीत जंतू सापडला नाही, आणि दीड-दोन महिन्यांच्या गोळ्यांनी डाग कमी झाला नाही, तर ‘कोर्स पुरा करा’ हे उत्तर पुरेसं नाही. सीटी स्कॅन आणि श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायची तपासणी मागायचा पेशंटला हक्क आहे.

कारण फुप्फुसात नसतं तेव्हा

लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, आणि ते सगळं विसरलं गेलं. हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपेला व्रण करून जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी डावीकडची झडप अरुंद होते. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. जिना चढताना धाप लागते, रात्री उशा वाढवाव्या लागतात, आणि एक दिवस खोकल्यातून रक्त येतं. आपल्याकडे हे तरुण बायकांत जास्त दिसतं, आणि बऱ्याचदा पहिल्या गरोदरपणात उघडकीला येतं. त्या काळात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद झडपेला तो भार झेपत नाही. गरोदर बाईला धाप लागतेय, रक्त पडलंय, तर ‘अशा दिवसांत होतंच’ म्हणणाऱ्या सासूबाईंचं आणि आईचं ऐकू नका. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा.

ऑपरेशन, पायाचं प्लॅस्टर, बाळंतपण किंवा लांबचा विमानप्रवास यानंतर एका पोटरीला सूज आणि दुखणं, आणि मग अचानक धाप, श्वास घेताना टोचणारी कळ, थोडं रक्त. ही पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याची खूण आहे. रक्त थोडंच असतं, धोका मोठा असतो.

औषधांची पिशवी सोबत न्या, असं डॉक्टर सांगतात त्यालाही कारण आहे. झडप बदललेले किंवा गुठळीचा त्रास झालेले लोक रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. मध्येच दुसऱ्या आजारासाठी एखादं प्रतिजैविक सुरू झालं, की काहींच्या बाबतीत त्या गोळीचा परिणाम एकदम वाढतो. मग हिरड्या, लघवी, कफ, कुठूनही रक्त येऊ शकतं. मात्र गोळी स्वतःहून बंद करायची नाही. नव्या झडपेवर गुठळी धरली तर ते अधिक वाईट.

दुर्मीळ कारणं भरपूर आहेत. कफाबरोबर लघवीतूनही रक्त जात असेल, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि तिथे मूत्रपिंड वाचवायला दिवस मोजावे लागतात. एखाद्या बाईला दर महिन्याला फक्त पाळीच्या दिवसांतच खोकल्यातून रक्त येत असेल, तर गर्भाशयाचं अस्तर फुप्फुसात रुजलेलं असू शकतं. ऐकायला अशक्य वाटतं, पण असतं, आणि संकोचापायी तारखांचा मेळ कुणी सांगत नाही म्हणून वर्षं जातात. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आधी आठवा, शेंगदाणा, सुपारीचं खांड किंवा पेनाचं टोपण खेळता खेळता श्वासनलिकेत तर गेलं नाही ना.

किती रक्त म्हणजे धोका?

लोकांना वाटतं, रक्त कमी होऊन माणूस जातो. इथे तसं नसतं. नाकापासून फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंतच्या सगळ्या नळ्यांची जागा मोठ्या माणसात साधारण १५० मिलिलिटर असते, म्हणजे चहाचा एक कप. तेवढं रक्त एकदम आलं आणि तिथेच अडकलं, तर श्वास कोंडतो. मृत्यू येतो तो गुदमरून. म्हणून एकदम वाटीभर रक्त, धाप, निळे पडलेले ओठ, चक्कर किंवा छातीत कळ, यांपैकी काहीही असेल तर ओपीडीची वेळ पाहायची नाही. महाराष्ट्रात १०८ लावा आणि शक्यतो सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा.

तोवर पेशंटला उताणं झोपवू नका. बसवून पुढे झुकवा, रक्त थुंकू द्या, गिळायला लावू नका. कोणती बाजू खराब आहे हे आधीपासून माहीत असेल, तर त्या कुशीवर, म्हणजे ती बाजू खाली येईल असं झोपवा; रक्त चांगल्या फुप्फुसात जात नाही. खोकला दाबणारं सिरप पाजू नका. खोकला हीच त्या वेळी बाहेर काढायची वाट असते.

रुग्णालयात काय होतं

आधी श्वास सांभाळतात, मग कारण शोधतात. एक्स-रे, थुंकीचे दोन नमुने, रक्ताच्या गोठण्याच्या चाचण्या. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. ब्राँकिएक्टॅसिस आणि लहान गाठी त्यात सुटतात, त्या सीटीत दिसतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं जातं, पाळीत जास्त रक्त जातं म्हणून अनेक घरांत असते तीच गोळी. ती घरी बसून घेऊन रक्त थांबवायचं आणि डॉक्टर टाळायचे, हा त्यातला उद्योग मात्र करू नये.

रक्त थांबत नसेल तर १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झालेली एक पद्धत वापरतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीत नेतात, फुगलेली धमनी शोधतात आणि तिच्यात बारीक कण सोडून ती आतूनच बुजवतात. छाती उघडावी लागत नाही, आणि बहुतेकांचं रक्त त्याच दिवशी थांबतं. पाठीच्या कण्याला जाणारी धमनी कधी कधी त्याच मुळातून निघते, म्हणून हे काम सरावलेल्या हातांचं. मूळ दुखणं तसंच राहिलं तर काही महिन्यांनी दुसरी धमनी तिची जागा घेते. बुरशीच्या गोळ्यात हे विशेष होतं, आणि मग तब्येत झेपणारी असेल तर फुप्फुसाचा तो भाग काढून टाकणं हाच टिकाऊ उपाय उरतो.

आणि सगळं तपासूनही काही पेशंटच्या बाबतीत कारण सापडत नाही. सीटी स्वच्छ, दुर्बीण स्वच्छ, थुंकीत काही नाही. त्यांतल्या बहुतेकांचं रक्त आपोआप थांबतं आणि परत येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मात्र डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा सीटीला बोलावतात. रक्त थांबलेलं असलं तरी ती तारीख चुकवू नये.